६ जुलै : एक तारीख आणि लिव्हरपूलची चार पोरं

शाळेच्या दिनविशेषाच्या फळ्यावर ६ जुलैला आमच्याकडे दोन ओळी ठरलेल्या असायच्या. पहिली : १८३७, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म, मालवण. दुसरी : १९१७, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची स्थापना. जन्म आणि संस्था एकाच तारखेला यात योगायोग काही नाही. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा मुहूर्त धरूनच संस्था काढली होती. काही तारखा अशा माणसं ठरवून जुळवतात, आणि काही आपोआप जुळतात. आज लिहायचंय ते दुसऱ्या प्रकारच्या तारखांबद्दल, आणि विषय आहे (नातेवाईक मंडळींनो, दचकू नका!) बीटल्स.

"तुझा आणि बीटल्सचा काय संबंध?" असं आमच्या घरात दोघांनी विचारून झालंय. संबंध तसा खरंच नाही. १९६६ साली मी पंधरा-सोळा वर्षांची होते. घरात एक रेडिओ, आणि त्यावर सिलोन लागायचं ते 'बिनाका गीतमाला'साठी. इंग्रजी गाणं कानावर पडलं तरी शब्द कळायचे नाहीत. पण गंमत बघा, त्यांची एक चाल आमच्यापर्यंत आधीच पोचली होती. १९६५ च्या 'जानवर' चित्रपटात शंकर-जयकिशन यांनी एक गाणं थेट बीटल्सच्या चालीवर बांधलं होतं. आम्ही ते शम्मी कपूरचं म्हणून गुणगुणायचो. मूळ कोणाचं ते मला कळलं पन्नाशीनंतर, भाच्याच्या कॅसेटवर.

पुढे निवृत्तीनंतर वेळच वेळ. इतिहासाच्या बाईला सनावळी वाचायची खोड असतेच, तशी मी या चौघांची सनावळी वाचायला घेतली. वाचता वाचता ६ जुलै परत परत दिसायला लागली. १९५७, १९६१, १९६३, १९६४, १९६६. नऊ वर्षांत पाच वेळा.

आधी एक खुलासा करते. यात मला काही दैवी वगैरे म्हणायचं नाही. ज्या माणसांच्या आयुष्यात रोज काहीतरी घडत होतं, त्यांची कुठलीही तारीख उचलली तरी दोन-चार गोष्टी सापडतीलच. पण एखादं झाड कापलं की बुंध्यात वर्षांची वलयं दिसतात ना, तसं आहे हे. काप कुठे घेतला याला महत्त्व नाही, वलयं मात्र खरी असतात.

१९५७, शनिवार

लिव्हरपूलच्या एका कडेला वूल्टन नावाचा भाग आहे. तिथल्या सेंट पीटर्स चर्चचा उन्हाळी मेळावा होता. आपल्याकडच्या देवळाच्या उत्सवासारखाच प्रकार म्हणा. मिरवणूक, खाण्याचे स्टॉल, मुलांची वेशभूषा, आणि 'गुलाबराणी' म्हणून निवडलेल्या मुलीला मुकुट घालायचा समारंभ. त्या दिवसाची छापील कार्यक्रमपत्रिका उपलब्ध आहे, आणि ती वाचून मला फार मौज वाटली. सव्वाचारला 'क्वारीमेन स्किफल ग्रुप'. सव्वापाचला लिव्हरपूल पोलिसांच्या कुत्र्यांची प्रात्यक्षिकं. पावणेसहाला पुन्हा क्वारीमेन. रात्री आठला चर्चच्या सभागृहात नृत्याचा कार्यक्रम, तिकीट दोन शिलिंग.

तर पोलिसांच्या कुत्र्यांच्या अलीकडे आणि पलीकडे ज्यांना वेळ मिळाली होती, त्या पोरांचा म्होरक्या होता जॉन लेनन. वय १६. 'क्वारीमेन' हे नाव त्यांच्या क्वारी बँक शाळेवरून घेतलेलं. स्किफल म्हणजे गरिबाचा वाद्यवृंद. एक-दोन स्वस्त गिटार, बँजो, कपडे घासायच्या पत्र्यावर ताल, आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेला खर्जातला आवाज. त्या वर्षी इंग्लंडातल्या गल्लोगल्ली असे ताफे निघाले होते. त्यांतले बहुतेक वर्षा-दोन वर्षांत विरून गेले.

जॉनच्या मित्रांत आयव्हन व्हॉन नावाचा एक मुलगा होता. तो त्या दिवशी आपल्या शाळेतल्या एका दोस्ताला घेऊन आला. तो दोस्त म्हणजे पॉल मॅकार्टनी, नुकती पंधरा पूर्ण झालेली. (हा आयव्हन आणि पॉल दोघांचा जन्म एकाच दिवशी, १८ जून १९४२ रोजी, लिव्हरपूलमध्येच झालेला. तारखांची हौस असलेल्यांनी हेही टिपून ठेवा.) पॉलने मैदानात जॉनचं गाणं ऐकलं. जॉनला गाण्याचे शब्द धड येत नव्हते, तर पठ्ठ्या मनाचेच शब्द घालून खुशाल गात होता! संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या सभागृहात दोघांची ओळख झाली. पॉलने गिटार घेऊन एडी कॉक्रनचं एक गाणं वाजवून दाखवलं, सगळ्या शब्दांसकट. शिवाय त्याला गिटार सुरात लावता येत होती. जॉनला ते येत नव्हतं. त्याला आईने बँजो शिकवला होता, आणि गिटारवरही तो बँजोच्याच पद्धतीने बोटं ठेवायचा.

या भेटीचं वर्णन खूप ठिकाणी आलंय. मला थांबावंसं वाटतं ते पुढच्या आठ-पंधरा दिवसांशी. ताफा जॉनचा, शब्द जॉनचा. आता आपल्यापेक्षा दीड वर्षाने लहान आणि आपल्यापेक्षा जास्त येणारा मुलगा समोर उभा आहे. याला घ्यावं, तर आपला मोठेपणा उणावणार. न घ्यावं, तर ताफा आहे तिथेच राहणार. हा पेच आपल्याला पडला होता हे जॉनने पुढे स्वतःच सांगितलंय. थोड्या दिवसांनी त्याचा मित्र पीट शॉटन याने पॉलला निरोप दिला, ये म्हणून. सोळा वर्षांच्या पोराने घेतलेला हा निर्णय मला त्या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. पन्नाशी उलटलेल्या, खुर्चीत बसलेल्या माणसांनाही तो जमत नाही, हे मी नोकरीत भरपूर पाहिलंय.

दोघांच्या घरचं सांगायला हवं. पॉलची आई मेरी ऑक्टोबर १९५६ मध्ये कर्करोगाने गेली होती, म्हणजे मेळाव्याच्या जेमतेम आठ महिने आधी. जॉनला वाढवलं मावशीने, पण आई ज्युलिया जवळच राहायची. बँजो शिकवणारी ती हीच. १५ जुलै १९५८ रोजी ती रस्त्यात मोटारीखाली गेली. भेटीला एक वर्ष नि नऊ दिवस होताहेत तोवर दोघेही बिनआईचे झाले होते. हे दुःख त्यांच्यात फार बोललं गेलं नसेल, त्या वयातली मुलं बोलत नाहीत. पण दोघांना ते ठाऊक होतं.

आता मास्तरीण म्हणून एक गोष्ट. त्याच उन्हाळ्यात जॉनने शालान्त परीक्षा दिली आणि सगळ्या विषयांत नापास झाला. सगळ्या! वर्गात उनाड, वहीत मास्तरांची व्यंगचित्रं. तरीही मुख्याध्यापक पॉबजॉय यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. चर्चच्या मंडळींनीही या गोंगाट करणाऱ्या पोरांना पत्रिकेत दोन वेळा जागा दिली, ती काही पुढे हे जगप्रसिद्ध होतील म्हणून नव्हे. मेळाव्यात पोरांनाही काही करू द्यावं, एवढ्यासाठीच. आमच्या स्नेहसंमेलनाच्या बैठकीत दर वर्षी "ही धांगडधिंगा मंडळी वगळा, वेळ नाही" असं कोणीतरी म्हणायचंच. मी दर वर्षी भांडून त्यांची दहा मिनिटं राखायचे. त्यांतला एकही लेनन झाला नाही. एक लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, एकाचं किराणा दुकान आहे, आणि दोघेही भेटले की त्या दहा मिनिटांबद्दल बोलतात. मला तेवढं पुरतं.

१९६१, गुरुवार

चार वर्षांनी, याच तारखेला लिव्हरपूलमध्ये 'मर्सी बीट' नावाच्या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. काढणारा बिल हॅरी, जॉनचा कला महाविद्यालयातला मित्र. गावातल्या गाणाऱ्या ताफ्यांच्या बातम्या छापणारं ते छोटं पत्र होतं. या अंकात जॉनने बीटल्सच्या उगमाबद्दल एक तिरपागडा विनोदी लेख लिहिला. म्हणे, एका पेटत्या पायवर बसून एक माणूस आला आणि त्याने हे नाव ठेवलं. (१९९७ मध्ये पॉलने आपल्या एका अल्बमला त्या पायचंच नाव दिलं. जुन्या थट्टा अशा मुरतात.)

हे पत्र शहरातल्या एका मोठ्या रेकॉर्डच्या दुकानात विकायला असायचं. दुकान चालवत होते ब्रायन एपस्टाइन. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात एपस्टाइन लिहितात की, २८ ऑक्टोबर १९६१ रोजी एक मुलगा दुकानात येऊन बीटल्सची रेकॉर्ड मागू लागला, तेव्हा त्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. छान गोष्ट आहे. पण 'मर्सी बीट'च्या दुसऱ्याच अंकात पहिल्या पानावर बीटल्सची बातमी होती, आणि ऑगस्टपासून स्वतः एपस्टाइन त्यात रेकॉर्डची परीक्षणं लिहीत होते. मग ऑक्टोबरपर्यंत नाव कानावर आलं नाही, हे कसं? माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. आठवण स्वतःला गोष्टीचा आकार देते, इतकंच. भांडारकरांनी आपल्याकडे जो धडा घालून दिला, पुरावा तपासल्याशिवाय मान डोलवायची नाही, तो लिव्हरपूललाही लागू पडतो. ते काही असो, ९ नोव्हेंबर १९६१ रोजी एपस्टाइन कॅव्हर्न नावाच्या तळघरातल्या क्लबात गेले, बीटल्सना ऐकलं, आणि पुढे त्यांचे व्यवस्थापक झाले.

१९६३, पुन्हा शनिवार

ही ओळ लहानशीच आहे, पण मला आवडते. नॉर्थविच नावाच्या गावी त्या दिवशी जत्रा होती, आणि पाहुणे म्हणून बीटल्स. तोवर रिंगो येऊन चौकडी पुरी झाली होती. पहिला अल्बम मे महिन्यापासून विक्रीच्या यादीत अव्वल होता आणि तिथे तो सलग ३० आठवडे राहायचा होता. जत्रेच्या राणीला मुकुट घालायचा मान पॉलला मिळाला. रात्री तिथल्याच मेमोरियल हॉलमध्ये कार्यक्रम झाला. सहा वर्षांपूर्वी याच तारखेला वूल्टनमध्ये लोक राणीला बघायला आले होते, आणि या पोरांकडे सहज वळून बघत होते. आता उलटं झालं होतं.

१९६४, सोमवार

लंडनचा पिकॅडिली सर्कस चौक पोलिसांनी रहदारीला बंद केला होता. बाहेर हजारोंची गर्दी. लंडन पॅव्हिलियन चित्रपटगृहात 'अ हार्ड डेज नाइट' या बीटल्सच्या पहिल्या चित्रपटाचा पहिला खेळ, आणि राजकन्या मार्गारेट हजर. चित्रपट कृष्णधवल, रिचर्ड लेस्टर यांनी दिग्दर्शित केलेला, चित्रीकरण अवघ्या सात-आठ आठवड्यांत उरकलेलं. निर्मात्यांना रस चित्रपटात नव्हताच. गाण्यांच्या रेकॉर्डचे हक्क मिळावेत म्हणून थोडक्या पैशांत काढलेलं ते काम. आणि झालं काय, तर चित्रपट ऑस्करच्या दोन नामांकनांपर्यंत गेला. नाव रिंगोच्या तोंडून चुकून निघालेल्या एका वाक्यावरून ठेवलेलं. मध्यरात्र उलटली आणि रिंगोचा वाढदिवस लागला, ७ जुलै.

चार दिवसांनी आलेल्या त्याच नावाच्या अल्बममध्ये तेरा गाणी आहेत, आणि सगळी लेनन-मॅकार्टनी या जोडीची. बीटल्सच्या दुसऱ्या कुठल्याच अल्बमबद्दल असं म्हणता येत नाही. त्या सभागृहातल्या निर्णयाचं फळ कुठे मोजायचं असेल, तर इथे मोजावं.

चित्रपटात चौघे सतत पळताहेत. चाहत्यांपासून, पोलिसांपासून, खोल्यांपासून. बघताना हसू येतं. दोन वर्षांनी मात्र ते पळणं गमतीचं राहिलं नव्हतं.

१९६६, बुधवार

ही तारीख आपल्या देशातली. जर्मनी, जपान करून बीटल्स फिलिपाइन्सला गेले. ४ जुलैला मनिलाच्या मैदानात दोन कार्यक्रम झाले, मिळून सुमारे ८०,००० लोक. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनी राजवाड्यात ठेवलेल्या समारंभाला ते गेले नाहीत. निमंत्रण त्यांच्यापर्यंत नीट पोचलंच नव्हतं. दूरचित्रवाणीवर रिकाम्या खुर्च्या आणि हिरमुसलेली मुलं दाखवली गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांचं संरक्षण काढून घेतलं, विमानतळावरचे सरकते जिने बंद ठेवले, धक्काबुक्की झाली, सोबतच्या माणसांना लाथा बसल्या. विमान सुटेपर्यंत कोणाच्या जिवात जीव नव्हता.

ते विमान दिल्लीला आलं, ६ जुलैला. जॉर्जला सतार घ्यायची होती म्हणून दिल्लीचा थांबा ठरलेला होता. आपल्याला इथे कोण ओळखतंय, असं त्यांना वाटत होतं. तर विमानतळावर शेकडो पोरं हजर! ओबेरॉय हॉटेलात मुक्काम झाला. जॉर्जने त्या मुक्कामात रिखीराम यांच्याकडून सतार घेतली. फाळणीनंतर लाहोरहून दिल्लीत येऊन कॅनॉट प्लेसमध्ये बसलेलं हे वाद्यकारांचं घराणं. मोटारीने ते शहराबाहेरही जाऊन आले. पैसे मागणाऱ्या पोरांनी गराडा घातला. आपल्या गळ्यातल्या कॅमेऱ्याची किंमत या सबंध गावाच्या जन्माच्या कमाईपेक्षा जास्त आहे, हा विचार तेव्हा मनात आल्याचं जॉर्जने नंतर सांगितलंय. एरवी आपल्याकडे येणारे पाहुणे कॅमेरा कुठे रोखायचा एवढाच विचार करतात.

त्यानंतर ५४ दिवसांनी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सान फ्रान्सिस्कोला त्यांचा शेवटचा तिकीट लावलेला जाहीर कार्यक्रम झाला. दौरे संपले. आणि सप्टेंबरात जॉर्ज परत आला, या वेळी मुंबईला. खोट्या नावाने, मिशा वाढवून ताजमहाल हॉटेलात उतरला, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. अर्थात मुंबईला पत्ता लागलाच. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत होता, फोर्टातल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत, एका चित्रपटाचं संगीत करायला. वाजवणाऱ्यांत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया. तेव्हा मी कॉलेजात होते. आपल्याच राज्यात हे चाललंय याची आम्हाला कोणाला गंधवार्ता नव्हती!

वूल्टनच्या लॉरीवरून गाणाऱ्या पोरांपासून मनिलाहून जीव मुठीत धरून निघालेल्या चौघांपर्यंत, बरोबर नऊ वर्षं. मुलांना आम्ही शिकवायचो, उदय आणि अस्त. इथे अस्त म्हणवत नाही, कारण त्यांचं उत्तम काम पुष्कळसं त्यानंतरच झालं. लोकांसमोर उभं राहणं संपलं आणि ऐकणं सुरू झालं, असं फार तर म्हणता येईल.

शेवटी एक गोष्ट, खास नातेवाईकांसाठी. १९६८ साली हंटर डेव्हिस यांनी लिहिलेलं बीटल्सचं अधिकृत चरित्र आलं. चौघांशी प्रत्यक्ष बोलून लिहिलेलं. त्यात जॉन आणि पॉलच्या पहिल्या भेटीची तारीख दिली होती १५ जून १९५६. एक वर्षाहून जास्त चूक! इतकी मोठी घटना, दोघेही हयात, घडून जेमतेम अकरा वर्षं झालेली, तरी तारीख निसटली. ती परत मिळाली कागदांमुळे. कोणीतरी जपलेली चर्चची पत्रिका, एका शाळासोबत्याने काढलेला चौकड्याच्या शर्टातल्या जॉनचा फोटो. इतकंच नव्हे, त्या संध्याकाळी बॉब मॉलिन्यू नावाच्या तरुणाने ग्रुंडिगच्या टेपरेकॉर्डरवर दोन गाणी टिपून ठेवली होती. ती फीत १९९४ मध्ये लिलावात ७८,५०० पौंडांना गेली.

आपल्या घरच्या ट्रंकांत असली फीत नाही, हे मला माहीत आहे. पण माझ्या आत्याच्या लग्नाचा फोटो आहे, त्यात मागच्या रांगेतले तिघे कोण हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. परवा मी ट्रंक काढली आणि ओळखता येतील तेवढ्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहायला बसले. एकवीस झाले, अजून साठेक आहेत. ज्यांच्याकडे माझ्या आधीच्या पिढीतलं कोणी अजून आहे, त्यांनी या रविवारी त्यांना शेजारी बसवून हेच करावं. पेन नको, पेन्सिलच घ्या. शाई पुढच्या बाजूला उमटते.